साडेपाच किलोवॉट, चाळीस लिटर पाणी आणि ओले हात

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्याची सुरुवात बहुधा अंगणातल्या प्रोपेनच्या शेगडीवर होते. मिनेसोटा किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात बाहेर उभं राहून उकळीची वाट बघून झाली, की गराजमध्ये वीज आणायचे विचार सुरू होतात. बंद गराजमध्ये गॅस जाळायचा तर कार्बन मोनॉक्साइडची भीती. विजेचा एलिमेंट, म्हणजे पाण्यात बुडणारा तापणारा दांडा, लावला की ज्योत नाही, धूर नाही, आणि तापमानही हवं तिथे धरून ठेवता येतं. मग ओघानेच कंट्रोलर, सेन्सर, पंप आणि फोनवर आलेख येतात. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत सॉफ्टवेअरवाले भरपूर, त्यामुळे काम नेमकं उलट्या टोकाने सुरू होतं: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा प्रोग्रॅम चालू झालेला असतो आणि ३० अँपिअरचं कनेक्शन कुठून, कसं घ्यायचं याचा पत्ता नसतो.

हा लेख त्या कनेक्शनबद्दल आहे. सगळा भर एका गोष्टीवर: कंट्रोलर कितीही हुशार असला तरी त्याला सुरक्षेच्या साखळीत धरायचं नाही. तो बिअर चांगली करण्यासाठी. माणूस आणि घर वाचवायचं काम ज्यांना प्रोग्रॅमिंगचा गंधही नाही अशा मठ्ठ वस्तूंकडे सोपवायचं.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने केंद्रीय कायदा बदलला आणि १९७९ पासून प्रौढ व्यक्तीला घरच्यापुरती वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं सर्वांत शेवटी, २०१३ मध्ये, यात आली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. म्हणून इथला सगळा हिशेब अमेरिकेतल्या विजेचा आहे. भिंतीच्या आतलं काम, म्हणजे मुख्य पॅनेलमधून नवं सर्किट आणि नवं आउटलेट, हे परमिट काढून लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. आउटलेटच्या अलीकडे काय आहे ते मात्र आपल्याला नीट कळलं पाहिजे.

इतकी वीज लागते कशाला?

दहा गॅलनची बॅच म्हणजे साधारण ४० लिटर पाणी. ते २० अंश सेल्सिअसवरून उकळीला न्यायला जवळपास ३.७ युनिट वीज लागते. अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटमधून सलग चालणाऱ्या कामासाठी १,४४० वॉटच घ्यावेत असा संकेत आहे. म्हणजे उकळी यायलाच अडीच तास, वर भांड्यातून उष्णता निसटते ती वेगळी. म्हणून पाच गॅलनच्या पुढे गेलेले जवळपास सगळे २४० व्होल्टवर चालणाऱ्या ५,५०० वॉटच्या एलिमेंटकडे वळतात. तो ४० मिनिटांच्या आसपास उकळी आणतो.

५,५०० भागिले २४० म्हणजे २२.९ अँपिअर. तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या भारासाठी सव्वापट क्षमता धरायची असा अमेरिकेच्या विद्युत संहितेचा नियम आहे. हिशेब २८.६ वर येतो, म्हणून ३० अँपिअरचा ब्रेकर आणि त्याच्या मागे १० गेजची तांब्याची वायर. अमेरिकी गेजमध्ये आकडा लहान तितकी वायर जाड. १२ गेज २० अँपिअरसाठी, १४ गेज १५ अँपिअरसाठी. मधे कुठे तरी घरात पडलेली १२ गेजची एक्स्टेन्शन कॉर्ड घातली, तर ३० अँपिअरचा ब्रेकर काहीही बोलणार नाही आणि वायर तापत राहील.

ब्रेकर वायरीसाठी असतो, माणसासाठी नाही. इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. हातातून साधारण १० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. ३० अँपिअर म्हणजे ३०,००० मिलिअँपिअर. माणूस जाईल, ब्रेकर जागचा हलणार नाही.

दोन्ही वायरी जिवंत

भारतात वाढलेल्याच्या डोक्यात एक चित्र पक्कं असतं: एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थिंग, टेस्टर लावला की एकाच भोकात दिवा लागतो. अमेरिकेतल्या २४० व्होल्टला हे चित्र लागू नाही. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचं मधलं टोक न्यूट्रल म्हणून घरात येतं आणि दोन कडेची टोकं दोन ‘हॉट’ म्हणून. प्रत्येक हॉट आणि न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट, दोन हॉटमध्ये २४०. आपला एलिमेंट या दोन हॉटच्या मधे बसतो, त्याला न्यूट्रल लागतच नाही.

त्यामुळे एकाच वायरीत स्विच घालून एलिमेंट ‘बंद’ केला, तरी दुसऱ्या वायरीने तो जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टवर असतोच. पाणी गरम होत नाही, डिस्प्लेवर शून्य टक्के दिसतं, आणि तरीही टर्मिनलला हात लावला तर झटका बसतो. बंद करायचं तर दोन्ही वायरी एकदम तुटल्या पाहिजेत.

रंगांचा घोळ तर जीवघेणा आहे. भारतातल्या घरांत वर्षानुवर्षं लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थिंग. अमेरिकेत काळी आणि लाल दोन्ही हॉट, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडं तांबं म्हणजे अर्थिंग. कॉलेजात असताना स्वतः पंखे-ट्यूबलाइट जोडलेल्या माणसाचा हात सवयीने काळ्या वायरीकडे बिनधास्त जातो. त्यातून ऑनलाइन मागवलेल्या तयार उपकरणाची कॉर्ड युरोपी रंगांची असेल, तर तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक वायर मल्टिमीटरने तपासा.

जीएफसीआय: माणसासाठी असलेलं एकमेव यंत्र

अमेरिकेत ज्याला जीएफसीआय म्हणतात, त्याचा भारतातला भाऊ म्हणजे आरसीसीबी. सगळ्या चालू वायरी एका चुंबकीय कड्यातून जातात. गेलेला प्रवाह तेवढाच परत आला तर बेरीज शून्य. थोडासा जरी वाट चुकून भांड्यातून, पाण्यातून किंवा तुमच्यातून जमिनीत गेला, तर बेरीज शून्य राहत नाही आणि यंत्र लगेच सर्किट तोडतं. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी १९६१ मध्ये ते बनवलं. माणसाचा हात किती प्रवाहावर सुटतो आणि किती प्रवाहावर चिकटतो, याचा अभ्यास केलेले ते संशोधक. अमेरिकेत माणसासाठीची जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरच्या दरम्यान तुटते, भारतातल्या घरांतली आरसीसीबी साधारणपणे ३० वर. तीसही हृदय वाचवायला पुरतात. सहावर मात्र हात सुटतो.

ओली फरशी, स्टीलचं भांडं, हातात पळी. या खेळात जीएफसीआयशिवाय एक मिनिटही एलिमेंट चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण अशी की कपडे वाळवायच्या ड्रायरसाठी बसवलेला जुना ३० अँपिअरचा ब्रेकर बहुधा साधाच असतो. तुमच्या पॅनेलला बसणारा ३० अँपिअरचा दोन-पोल जीएफसीआय ब्रेकर मिळाला तर उत्तमच. नाही तर घरगुती ब्रूइंगवाल्यांचा लाडका उपाय म्हणजे गरम पाण्याच्या टबासाठी विकला जाणारा जीएफसीआय असलेला ५० अँपिअरचा स्पा पॅनेल. बहुतेक हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत तो मिळतो आणि सुट्या ब्रेकरपेक्षा अनेकदा स्वस्त पडतो. मात्र त्यातला ५० चा आकडा तुमच्या १० गेज वायरीला वाचवत नाही. वायर वाचवतो तो मुख्य पॅनेलमधला ३० चा ब्रेकर, आणि तो तिथे असलाच पाहिजे. स्पा पॅनेलकडून आपल्याला फक्त गळती ओळखायचं काम हवं आहे.

जीएफसीआयला न दिसणारी गोष्ट म्हणजे एका हातात एक हॉट आणि दुसऱ्या हातात दुसरी. गेलेलं सगळं परत येतंय, त्यामुळे तिच्या लेखी तुम्ही म्हणजे आणखी एक एलिमेंट. म्हणून उघड्या पेटीत हात घालायच्या आधी प्लग भिंतीतून काढायचा. ब्रेकर पाडला एवढं पुरेसं नाही.

अर्थिंगचं काय? जीएफसीआय अर्थिंगशिवायही चालते, म्हणून काहींना अर्थिंग अनावश्यक वाटतं. एलिमेंटच्या आवरणाला सुईएवढं भोक पडलं आणि वॉर्ट (बिअर होण्याआधीचं धान्याचं गोड पाणी) आत शिरलं, अशी कल्पना करा. केटलला, म्हणजे उकळायच्या भांड्याला, अर्थिंग असेल तर गळती तिथूनच जमिनीत जाते आणि कोणी हात लावायच्या आधी जीएफसीआय पडते. नसेल तर केटल जिवंत होऊन गप्प बसते आणि पहिला हात लावणारा माणूस अर्थिंगचं काम करतो. झटका मग क्षणभरच बसेल, हे मान्य. पण हातात उकळत्या पाण्याचं भांडं असताना क्षणभरही पुष्कळ झाला.

इथे जुन्या घरांचा एक सापळा आहे. १९९६ च्या संहितेनंतर अमेरिकेत ड्रायरची नवी आउटलेट्स चार पिनांची आली: दोन हॉट, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. त्याआधीच्या घरांत तीन पिना असतात, आणि तिसरी पिन अर्थिंगची नसून न्यूट्रलची असते. ती केटलला जोडून ‘अर्थिंग झालं’ म्हणायचं नाही. न्यूट्रल कुठे ढिली झाली, तर तिला जोडलेला सगळा धातू १२० व्होल्टवर जाऊ शकतो. न्यूट्रल आणि अर्थिंग घरात एकाच ठिकाणी, मुख्य पॅनेलमध्येच, जोडलेल्या असाव्यात. तुमच्या पेटीत त्या वेगळ्याच राहतील. १२० व्होल्टचे पंप आणि कंट्रोलर लावायचे असतील तर न्यूट्रल लागणारच, म्हणून चार तारांची कॉर्ड आणि चार पिनांचं आउटलेट घ्या.

बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडेल?

आता ऑटोमेशन. कंट्रोलर, मग तो पीआयडी नावाचा तयार तापमान-नियंत्रक असो वा रास्पबेरी पाय, एलिमेंटला थेट हात लावत नाही. तो सॉलिड स्टेट रिलेला, म्हणजे एसएसआरला, काही व्होल्टचा इशारा देतो आणि एसएसआर मोठा प्रवाह चालू-बंद करतो. मॅशिंगमध्ये, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजत असताना, ६४ ते ६९ अंशांच्या पट्ट्यात पाणी धरायचं तर मिनिटाला अनेकदा चालू-बंद करावं लागतं. ते यांत्रिक रिलेला झेपत नाही, एसएसआरला झेपतं.

या एसएसआरचे तीन स्वभाव माहीत हवेत. एक, चालू असताना त्याच्यावर साधारण एक ते दीड व्होल्ट पडतो, म्हणजे २३ अँपिअरला २५-३५ वॉट उष्णता. हीटसिंक आणि मधे थर्मल पेस्ट नसेल तर तो स्वतःच भाजून निघतो. पेटी हवाबंद असेल तर हीटसिंकची पाती बाहेर काढावी लागतात. दोन, बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात, त्यामुळे तो स्विचची जागा घेऊ शकत नाही. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: एसएसआर मेला तर बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेत मरतो. कंट्रोलर शून्य टक्के म्हणतोय आणि एलिमेंट पूर्ण ताकदीने तापतोय, ही काल्पनिक भीती नाही. या छंदातला तो नेहमीचा बिघाड आहे.

हाच प्रश्न प्रत्येक भागाला विचारत जा. तापमानाचा सेन्सर भांड्यातून निसटून जमिनीवर पडला, तर? त्याला गराजमधले १५ अंश दिसतील आणि कंट्रोलर १०० टक्के ताकद सोडेल. प्रोग्रॅम अडकला, तर? पिन ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत राहील. पंप बंद पडला, तर? ज्या रचनेत वॉर्ट एका नळीतल्या एलिमेंटवरून फिरत राहतं तिच्यात नळीतलं थोडंसं वॉर्ट आधी करपेल, मग उकळून दाब तयार करेल. वाय-फाय गेलं, तर? काहीच व्हायला नको. काही होणार असेल तर रचना चुकली.

म्हणून एसएसआरच्या आधी दोन-पोल काँटॅक्टर हवा, जो दोन्ही हॉट तोडतो. तो चालतो कॉइलवर. कॉइलची वीज गेली की स्प्रिंगने उघडतो. त्या कॉइलच्या वाटेत एकामागोमाग एक सगळे मठ्ठ पहारेकरी बसवायचे: लाल आपत्कालीन बटण, पाण्याची पातळी बघणारा फ्लोट स्विच, नळीवर बसवलेला थर्मल कटआउट, पंपाचा फ्लो स्विच. यातला एकही उघडला की काँटॅक्टर पडला. कंट्रोलरची परवानगी विचारायची नाही.

पातळीच्या स्विचबद्दल दोन वाक्यं जास्त. तापमान फार वाढलं की बंद करणारा कटआउट केटलमध्ये लावून काही मोठा लाभ नाही, कारण पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या फार वर जातच नाही. पाणी संपलं की मात्र उघडा पडलेला एलिमेंट काही सेकंदांत लाल होतो आणि शेजारचे रबरी सील वितळवतो. तिथे पातळीच ओळखावी लागते.

वीज जाऊन परत आली की काय होतं, हेही आत्ताच ठरवा. याचं उत्तर महाराष्ट्रात शेतावर गेलेल्या कोणालाही पाठ असेल. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हिरवं आणि लाल अशी दोन बटणं असतात. वीज गेली की आतली कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. रात्री-बेरात्री येणाऱ्या विजेसाठी शेतकरी त्याला ‘ऑटो’ जोडतात, हा भाग वेगळा. आपल्या पेटीत तोच स्टार्टरचा सर्किट हवा, ऑटो वगळून. तुम्ही दुकानात गेला असताना वीज येऊन अर्धवट रिकाम्या केटलचा एलिमेंट आपोआप सुरू होणं कोणालाच नको असतं.

आपत्कालीन बटणाची एक चलाख पद्धत काही पेट्यांत दिसते: बटण दाबलं की मुद्दाम थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडायचा, म्हणजे जीएफसीआय पडेल. मला ती अजिबात पटत नाही. थांबवायचं काम गळती निर्माण करून करायचं, आणि तेही अर्थिंग शाबूत आहे या भरवशावर? ज्या दिवशी अर्थिंग तुटलेलं असेल त्याच दिवशी बटण लागणार.

काँटॅक्टरचे संपर्कही क्वचित वितळून चिकटतात. म्हणून पुन्हा तेच: हात घालायचा तर प्लग बाहेर.

पेटीच्या आत आणि आजूबाजूला

पेटीत दोन प्रकारच्या वायरी असतात: एलिमेंटच्या जाड आणि कंट्रोलर, दिवे, कॉइल यांच्या बारीक, १८ गेजच्या. दोन्ही त्याच ३० अँपिअरवरून निघतात. बारीक वायर कुठे शॉर्ट झाली तर ३० चा ब्रेकर पडेपर्यंत ती जळून जाऊ शकते. म्हणून जिथे वायर बारीक होते, तिथेच तिला तिच्या मापाचा फ्यूज द्यायचा. ही पाच-दहा डॉलरची गोष्ट घरगुती पेट्यांत सर्रास राहून गेलेली असते.

ढिलं कनेक्शन हा दुसरा शत्रू. एखाद्या स्क्रूखाली एक दशांश ओहम जरी रोध उरला, तरी २३ अँपिअरला तिथे ५३ वॉट उष्णता तयार होते. प्लास्टिकच्या प्लगमध्ये एवढी उष्णता म्हणजे वितळण्याची सुरुवात. आणि हे ब्रेकरला दिसत नाही, जीएफसीआयलाही नाही. बहुतारी वायरीच्या टोकाला फेरूल किंवा लग (धातूची टोपी) दाबून बसवा, स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला आवळा, टोकांना डाग देऊन ती स्क्रूखाली दाबू नका, कारण कथिल दाबाखाली हळूहळू सरकतं आणि कनेक्शन पुन्हा ढिलं पडतं.

आता पाणी. तासभराच्या उकळीत चार-पाच लिटर पाण्याची वाफ सहज निघते आणि थंड गराजमध्ये ती सगळ्या धातूवर जमते. पेटी केटलच्या वर टांगायची नाही, बाजूला ठेवायची. वायरी पेटीत खालच्या बाजूने, ग्लँडमधून (वायर घट्ट धरणाऱ्या सीलबंद बुचातून) आत घ्यायच्या आणि आत शिरण्याआधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतात. पेटी धातूची असेल तर तिचं दारही वेगळ्या वायरीने अर्थिंगला जोडायचं. बिजागरीवर भरवसा ठेवायचा नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा मात्र केटलला लागून असते. एलिमेंटची टर्मिनल्स भांड्याच्या बाहेर, खालच्या अंगाला येतात, आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) टाकल्यावर फेस उतू जातो तो नेमका त्यांच्यावर. त्यांना पूर्ण बंदिस्त, रबरी सीलचं झाकण हवं आणि अर्थिंगची वायर तिथेच केटलच्या धातूला पक्की हवी. टेप गुंडाळून भागत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

प्लग न लावता सुरुवात करायची. ५,५०० वॉटच्या एलिमेंटच्या दोन टोकांत मल्टिमीटर साधारण साडेदहा ओहम दाखवेल. कोणत्याही टोकापासून केटलपर्यंत काहीही वाहता कामा नये. केटलपासून प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपर्यंत मात्र जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. बराच काळ पडून राहिलेल्या एलिमेंटची आतली भुकटी हवेतली ओल शोषते आणि मग जीएफसीआय पुन्हा पुन्हा पडते. ती ‘उगाच’ पडतेय असं समजून काढून टाकणारे लोक आहेत. तसं करायच्या आधी दुसरा एलिमेंट लावून बघा.

मग केटल साध्या पाण्याने भरा, जीएफसीआयचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा, आणि चालू करा. चालू असताना एकेक बिघाड मुद्दाम घडवा: फ्लोट हाताने खाली दाबा, लाल बटण दाबा, रास्पबेरी पायची वीज काढा, भिंतीतला प्लग काढून परत लावा. प्रत्येक वेळी एलिमेंट बंद व्हायला हवा आणि तुम्ही बटण दाबेपर्यंत बंदच राहायला हवा. सेन्सर पाण्याबाहेर काढून कंट्रोलर काय करतो तेही बघून ठेवा.

अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लग, आउटलेट आणि एसएसआरची हीटसिंक तपासा. प्लग कोमट असला तर चालेल. धरवत नसेल तर बंद करून आतला स्क्रू बघा. पहिल्या दोन-तीन बॅचेसनंतर पेटी उघडून सगळे स्क्रू पुन्हा एकदा टॉर्कला तपासायचे. टेस्टचं बटण मात्र प्रत्येक बॅचला, पाणी भरून झालं की, धान्य घालायच्या आधी.